कलेचा तास सगळ्यांचा: नव्या कलाशिक्षकांसाठी पायरीवार वाट

वर्गात चाळीस मुलं. त्यात एक अंध, एक कमी ऐकणारा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेली एक मुलगी आणि ओल्या रंगाला बोटही लावायला तयार नसलेला एक स्वमग्न मुलगा. अशा वर्गात कलेच्या तासाला काय होतं ते बहुतेकांना माहीत आहे. या चौघांना कोपऱ्यात छापील चित्रं रंगवायला दिली जातात, नाहीतर शेजारची हुशार मुलगी त्यांचं चित्र काढून देते आणि खाली नाव त्यांचं घालते. ते टाळायचं कसं, हे इथे पायरीपायरीनं दिलं आहे. उदाहरणं आणि सामान सांगली-मिरज भागातलं आहे, म्हणजे बाजारात किंवा गावातच मिळणारं.

आधी थोडा विचार, कारण तो नसला तर पुढची साधनं नुसती शोभेची होतात. ब्रिटनमधल्या अपंगांच्या चळवळीनं १९७६ साली एक भूमिका लेखी मांडली: शरीरातली उणीव वेगळी आणि समाजानं उभे केलेले अडथळे वेगळे, माणसाला अपंग करतात ते अडथळे. पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी त्याला सामाजिक प्रारूप असं नाव दिलं. कलाशिक्षकाला याचा उपयोग अगदी रोजचा आहे. ‘तिला ब्रश धरता येत नाही’ असं म्हटलं की विषय संपतो. ‘ब्रशचा दांडा तिच्या मुठीला बारीक पडतो’ असं म्हटलं की दुकानातून काय आणायचं ते कळतं. नंतरच्या अपंग अभ्यासकांनी याला एक जोडही दिली आहे: वेदना, थकवा, आखडलेले स्नायू हे खरे असतात, नुसता रॅम्प बांधून ते जात नाहीत. तेव्हा दोन्हीकडे लक्ष हवं.

या सगळ्यातून तासापुरता एकच नियम काढायचा: कष्ट वाटून घ्या, निर्णय वाटून घेऊ नका. रंगाची बाटली उघडणं, कागद चिकटवणं, माती मळणं हे कुणीही करावं. रंग कोणता, रेघ कुठवर, चित्र कधी संपलं, हे मात्र ज्याचं चित्र त्यानंच ठरवायचं.

पायरी पहिली: आधी विचारा, मग प्रमाणपत्र बघा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. टक्क्यांवरून सवलत ठरते, कलेचा तास ठरत नाही. एकाच टक्केवारीच्या दोन मुलांपैकी एकाला मधलं दिसत नाही, दुसऱ्याला कडेचं दिसत नाही. पहिला मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघेल आणि त्याला मोठा कागद, जाड रेघ लागेल. दुसऱ्याला मात्र मोठा कागद त्रासाचा, कारण एका नजरेत त्याला तो मावत नाही. त्याला छोटा कागद द्या. प्रमाणपत्रावर दोघंही सारखेच दिसतात.

प्रमाणपत्र यायचं बाकी आहे म्हणून थांबू नका. सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी सांगणारं या कायद्याचं कलम १६ अपंगत्वाची टक्केवारी विचारत नाही.

पहिल्या आठवड्यात मुलालाच विचारा, आई-वडिलांना नंतर. कोणता हात आधी पुढे येतो? उजेड कुठल्या बाजूनं बरा वाटतो? कशाचा वास किंवा स्पर्श नको? किती वेळानं हात दुखतो? आणि बोलत नसलेल्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं: ‘हो’, ‘नाही’ आणि ‘थांब’ हे तो कसं सांगतो? डोळे मिटून, मान वळवून, तळहात टेकवून, कसंही असेल. ते वहीत लिहून ठेवा. ‘थांब’ म्हणायची सोय नसलेल्या मुलाला चित्र संपवताच येत नाही.

घरच्यांकडून समजून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या. आकडी येते का, कशानं येते. दमा असेल तर रांगोळीची भुकटी आणि खडूची धूळ लांब ठेवा. हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, असलेल्या मुलाच्या हाती कटर नको. सिकल सेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असेल तर थंडीच्या दिवसांत गार पाण्यात हात घालून माती मळायला लावू नका, गारठ्यानं दुखणं उसळू शकतं. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या मुलाच्या बोटांना संवेदना कमी असू शकते. ग्लू गन किंवा वितळलेलं मेण लागलं तर त्याला चटका कळणारच नाही आणि जखम खोल जाईल. हिमोफिलिया, सिकल सेल आणि बरा झालेला कुष्ठरोग हे तिन्ही त्या २१ प्रकारांत आहेत, पण कलेच्या तासाला ते कुणाच्या लक्षात नसतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना एकदा वर्गात बोलावून घ्या. तासभर त्यांनी मुलाचं बसणं आणि हाताची हालचाल बघितली तर पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

पायरी दुसरी: बसणं नीट झाल्याशिवाय रंग काढू नका

‘हाताला कंप आहे’ अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा खरी अडचण कमरेत असते. धड डुगडुगत असलं की मूल एक हात जमिनीला टेकवून तोल सांभाळतं, आणि चित्रासाठी एकच हात उरतो, तोही ताठ.

सतरंजीवर बसणारा वर्ग असेल तर भिंतीचा कोपरा वापरा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे मुलाची पाठ टेकवा, दोन्ही बाजूंनी खांद्यांना आपोआप आधार मिळतो. पाय एकमेकांत अडकत असतील तर मांड्यांच्या मध्ये गुंडाळलेली सतरंजी किंवा उशी ठेवा. पुढ्यात चौरंग. चौरंग इतका उंच हवा की कोपर त्यावर टेकलं तरी खांदा वर उचलला जाणार नाही. खुर्चीवर बसणाऱ्याचे तळपाय टेकलेच पाहिजेत. लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा दोन विटा द्या. चाकाची खुर्ची टेबलाखाली जायला साधारण ७० सें.मी. मोकळी उंची लागते, आणि खुर्ची वळवायला दीड मीटरचं रिकामं वर्तुळ. वर्ग लहान असेल तर बाकं हलवून ही जागा दाराजवळ करू नका. दाराजवळचं मूल ये-जा करणाऱ्यांच्या पायांत येतं आणि वर्गापासूनही तुटतं.

कागद हलू नये म्हणून चारही कोपऱ्यांना मास्किंग टेप. टेबलावर कागदाखालचा पाट सरकत असेल तर खाली ओलसर फडकं. कागद थोडा तिरका, साधारण २० अंश, ठेवला की मान कमी वाकते. मागच्या बाजूला एक जाडजूड बॉक्स फाइल आडवी घातली की काम भागतं. कमी दिसणाऱ्या मुलासाठी पांढऱ्या कागदाखाली काळं कापड अंथरा, कागदाची कड त्याला लगेच सापडेल. चकचकीत कागद आणि टेबलावरचं चकचकीत सनमायका त्याच्या डोळ्यांवर उजेड फेकतं, ते टाळा.

सामानाची जागा ठरलेली हवी. रंग डावीकडे तर वर्षभर डावीकडेच. पाण्याला प्लॅस्टिकचा पेला नको. बुटकं, जड, रुंद बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या.

पायरी तिसरी: साधनं घरी बनवा

दुकानात ‘विशेष मुलांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोष्टी महाग असतात आणि त्यातल्या बऱ्याच लहान मुलांच्या खेळण्यांसारख्या दिसतात. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात ससे-फुगे छापलेला ब्रश देणं हा अपमान आहे, त्याला तो कळतोही.

जाड मूठ. सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणा. ब्रशच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो मुठीत घट्ट सारा. मूठ धरल्यावर अंगठा आणि बोटांची टोकं जेमतेम भेटली पाहिजेत. बहुतेक मुलांना सुमारे ३ सें.मी. जाडी पुरते. त्याहून जाड केलं की छोटा हात लवकर दमतो. ज्याची बोटं मिटतच नाहीत त्याच्यासाठी तळहाताभोवती २.५ सें.मी. रुंद इलॅस्टिकची पट्टी शिवा, टोकांना व्हेल्क्रो, आतल्या बाजूला ब्रश खोचायला छोटा खिसा. पट्टीखालून एक बोट सहज जायला हवं. वीस मिनिटांनी काढून कातडीवर लाल वळ उठले आहेत का ते बघा. पट्टी बांधून मूल विसरलं जातं, हे नेहमी घडतं.

कंप असलेल्या हाताला पातळ जलरंग देऊ नका, थेंब सांडत राहतात आणि मूल चिडतं. पोस्टर कलर साईसारखा घट्ट ठेवा. स्नायू अशक्त असलेल्या मुलाचं उलटं: घट्ट रंग ओढायला जोर लागतो, म्हणून त्याला थोडा पातळ रंग आणि स्पंजचा तुकडा. दोघांना एकाच वाटीतला रंग दिला तर एकाचं नुकसान ठरलेलंच.

जाळीचा पाट. अंध मुलाला स्वतःची रेघ बोटांनी तपासता यावी यासाठी याच्याइतकं स्वस्त साधन नाही. ३० × ४० सें.मी. प्लायवूड किंवा हार्डबोर्ड घ्या. खिडकीला लावतात ती डासांची फायबर जाळी चारही बाजूंनी ३ सें.मी. जास्त कापून पाटावर ताणून बसवा, कडा मागे दुमडून कापडी टेपनं चिकटवा. तारेची जाळीही चालते, पण कापलेल्या तारा बोटात जातात, टेप दोनदा फिरवा. वर झेरॉक्सचा साधा कागद क्लिपांनी लावा आणि मेणखडूनं दाबून रेघ मारा. रेघ खडबडीत उमटते, बोटाला लगेच लागते. इथे दोन चुका होतात. चित्रकलेच्या वहीचा जाड कागद लावला की जाळीचा पोत वर येत नाही. आणि पेन्सिल दिली तर कागद फाटतो. जाळी सैल झाली की रेघ तुटक येते, तेव्हा सहा-आठ महिन्यांनी ती बदला. मेणखडूंवर रंगाचं नाव ब्रेलमध्ये चिकटवा. ब्रेल येत नसेल तर दोऱ्याच्या गाठी मारा, लाल एक, पिवळा दोन, निळा तीन.

उठावाची रेघ. तयार आकृती स्पर्शानं दाखवायची असेल तर मेंदीचा रिकामा कोन घ्या, त्यात फेव्हिकॉल भरा, टोक २ मि.मी. कापा. फेव्हिकॉल वाळताना पाणी उडून जातं आणि रेघ बसते, म्हणून पहिली रेघ वाळल्यावर तिच्यावरच दुसरी फिरवा, किंवा ओल्या रेघेत सुतळी बसवा. पावसाळ्यात रात्रभर ठेवूनही चिकटपणा जात नाही, दोन दिवस धरा. दोन रेघांत किमान ३ मि.मी. अंतर ठेवा, त्याहून जवळ आल्या की बोटाला त्या एकच लागतात. एका आकृतीत चार-पाचांपेक्षा जास्त पोत नकोत. आणि एकामागे एक लपलेल्या वस्तू, दूरचं लहान जवळचं मोठं, असलं काही त्यात घालू नका. मागचं झाकलं जाणं हा डोळ्याचा अनुभव आहे. बोटाला अर्धा कापलेला डोंगर म्हणजे मोडका डोंगरच लागतो.

पोतांचा डबा. गुळाच्या पोत्याचं तरट, उसाचं वाळलेलं पाचट, कणसाची साल, मिरजेत तंबोऱ्यासाठी वापरतात त्या वाळक्या भोपळ्याचे तुकडे, सॅंडपेपर, जुन्या इरकलीचा काठ. प्रत्येक तुकडा दहा सें.मी. चौरस कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. हा डबा सगळ्या वर्गाचा. एखाद्या मुलासाठी म्हणून वेगळं काढलेलं साधन त्याला वर्गापासून वेगळं काढतं. सगळ्यांच्या हाती दिलेलं साधन नुसतं साधन राहतं. मिरजेला सहल काढता आली तर सतारमेकरांच्या दुकानात परवानगी घेऊन मुलांना भोपळ्यावर तळहात ठेवू द्या. तार छेडली की कंप हाडापर्यंत जातो, न ऐकणाऱ्या मुलालाही.

पायरी चौथी: दाखवणं आणि सांगणं

न ऐकणाऱ्या किंवा कमी ऐकणाऱ्या मुलाला डोळ्यांनीच ऐकायचं असतं. तुम्ही ब्रश चालवताना बोलत राहिलात तर त्याला ब्रश बघावा की ओठ, हे कळत नाही. तेव्हा आधी सांगा, थांबा, मग मुकाट्यानं करून दाखवा, थांबा, पुन्हा त्याच्याकडे बघून विचारा. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, चेहरा अंधारात जातो. बाकं इंग्रजी ‘यू’ आकारात लावली तर त्याला इतर मुलांचे चेहरेही दिसतात. भारतीय सांकेतिक भाषेतल्या रंगांच्या आणि ‘अजून’, ‘पुरे’, ‘आवडलं’ या खुणा सगळ्या वर्गाला शिकवा. मुलं त्या दोन दिवसांत उचलतात, शिक्षकांनाच वेळ लागतो.

अंध मुलाला चित्र सांगायचं तर क्रम ठेवा: चित्र केवढं, कशानं काढलेलं, एकूण काय दिसतं, मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कुठे काय. ‘सुंदर’, ‘करुण’ हे शब्द शेवटी, किंवा नकोच. रंगांची नावं मात्र गाळू नका. जन्मांध माणूसही हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल याभोवतीच्या सगळ्या बोलण्यात वाढलेला असतो. औंधच्या श्री भवानी चित्रसंग्रहालयात राजा रविवर्मांची चित्रं आहेत. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं हे संग्रहालय शेजारच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. तिथे न्यायचं असेल तर दोन-तीन चित्रं आधी निवडा, त्यांचं वर्णन लिहून काढा, त्यातल्या माणसाच्या बसण्या-उभं राहण्याची ढब मुलांना स्वतःच्या शरीरानं करून बघू द्या. संग्रहालय डोंगराच्या कुशीत आहे. चाकाची खुर्ची कुठवर जाते आणि कुठल्या वस्तूंना हात लावू देतील, हे फोनवर आधीच विचारा.

डोळ्यांवर पट्ट्या बांधून ‘अंध होऊन बघा’ हा खेळ टाळा. अपंग अभ्यासकांचा यावरचा आक्षेप रास्त आहे: दहा मिनिटांच्या पट्टीत फक्त अचानक काही न दिसण्याची भीती कळते, वर्षानुवर्षं बोटांनी वाचणाऱ्याचं कसब कळत नाही. डोळसांनी डोळे उघडे ठेवूनच स्पर्श शिकावा.

स्वमग्न मुलासाठी तासाचा क्रम चार चित्रांच्या पट्टीवर लावा: कागद, रंग, हात धुणं, खेळ. झालेलं चित्र उलटं करायचं. ओला रंग नको असेल तर जाड प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत दोन चमचे रंग घालून ती टेपनं टेबलाला चिकटवा, तो वरून दाबून रंग सरकवेल. हातमोजे, लांब दांड्याचा रोलर हेही चालतं. त्याला ‘सवय लागावी’ म्हणून हात रंगात बुडवू नका. तसं केलं की मूल पुढच्या तासाला दाराबाहेरच थांबतं.

पायरी पाचवी: एक पुरा पाठ, बेंदराचा बैल

आपल्याकडे आषाढात बेंदूर या बैलांच्या सणाला मातीच्या बैलांची पूजा होते, त्यामुळे हा विषय कुठल्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही. त्यात हा मुळातच हाताचा विषय, डोळ्यांचा नंतर. जोड तासिका घ्या, साधारण ८० मिनिटं, सणाच्या पंधरा दिवस आधी.

माती कुंभाराकडून मळलेलीच आणा. शेतातली काळी माती वापरू नका. ती ओली असताना फुगते, वाळताना खूप आकसते, बैलाला तडे जातात. एका मुलाला ४०० ग्रॅम धरा, चाळीस मुलांना १६ किलो, वर तीन किलो जास्तीची. ओल्या तरटात गुंडाळून वर प्लॅस्टिक. तासाआधी अंगठा दाबून बघा: ठसा उमटला पाहिजे आणि अंगठ्याला माती चिकटता कामा नये. हातात जोर कमी असलेल्यांची माती वेगळी काढून तिला पाण्याचा हात लावून आणखी मऊ करा.

पहिली दहा मिनिटं कुंभाराकडचे तीन-चार तयार बैल वर्गात फिरवा. आधी दोन्ही हातांच्या ओंजळीत अख्खा बैल, मग वशिंड, शिंगं, खूर, शेपूट. तयार बैल एकाच ठेवणीचे असू नयेत, एक बसलेला, एक मान वळवलेला. एकच नमुना दिला तर चाळीस बैल तसेच होतात.

मग अंगाचा गोळा, साधारण ३०० ग्रॅम. पाय वेगळे करून चिकटवण्यापेक्षा गोळ्यातूनच खाली ओढून काढा, अंगठ्याएवढे जाड. बारीक पाय ओल्या अंगाच्या वजनानं वाकतात, चिकटवलेले पाय वाळताना सुटतात. शिंगं आणि शेपूट चिकटवावीच लागतात: दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढा, मध्ये पातळ चिखल लावा, दाबून फिरवा. पायांत मजबुतीसाठी काडी किंवा तार खोचू नका; माती आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय उभा चिरतो.

ज्याला सगळ्या बाजूंनी आकार सांभाळणं जमत नाही त्याला ताटलीत मातीची वडी थापून द्या, दोन सें.मी. जाड, आणि त्यावर उठावाचा बैल करू दे. माती हाताला नकोच असेल तर जोंधळ्याची वाळकी ताटं: सोललेली पट्टी वाकते, आतला भेंड टोचून जोडता येतो, गावाकडची मुलं याच्या बैलगाड्या करतातच. साचा मात्र देऊ नका. साच्यातून निघालेला बैल साचा करणाऱ्याचा असतो.

हात अजिबात चालत नसतील तर जोडीदार बसवा. जोडीदारानं मातीला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी विचारायचं, आणि प्रश्न दोन पर्यायांचा हवा: “बैल कुणाकडं बघतोय, तुझ्याकडं का गोठ्याकडं?” “शिंगं आखूड का लांब?” “वशिंड अजून मोठं करू का पुरे?” एका तासात असे दहा-बारा निर्णय झाले तर त्या मुलानं बैल केला असंच म्हणायचं. जोडीदार दर तासाला बदला, नाहीतर त्याचं स्वतःचं काम कायमचं बुडतं आणि मैत्रीची सेवा होऊन बसते.

बैल सावलीत वाळवा, आठ दिवस, पावसात आणखी दोन-चार. रोज कूस बदला. उन्हात ठेवले की बाहेरची माती आधी आकसते, आतली ओलीच राहते आणि पाठीवर चीर पडते. रंगाला गेरू, पोस्टर कलर, काजळी. हळद कालवून लावली तर वास राहतो आणि अंध मुलाला आपला बैल त्या वासानं ओळखता येतो. उन्हात मात्र ती विटते. त्याच हळदीत खाण्याचा सोडा घातला की तांबूस रंग मिळतो. चुन्यानं अधिक लाल होते, पण चुना मुलांच्या हाती नको, कातडी आणि डोळे भाजतात.

पायरी सहावी: तुमचा हात कुठे असावा

मुलाचा हात वरून धरून गिरवणं ही आपल्याकडे पाटीपासूनची सवय. कलेच्या तासाला ती सोडा. मदत हवीच असेल तर तुमचा हात खाली आणि मुलाचा हात वर; तुम्ही काय करता ते त्याला कळतं आणि नको वाटलं तर हात काढून घेता येतो. कोपराला किंवा मनगटाला खालून आधार देणं बहुतेकदा पुरतं. आणि आधी विचारा, “हात देऊ का?”

चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशीनंतर गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून कोलाज केले, आणि १९७२ साली शांतिनिकेतनच्या कला भवनात सिरॅमिक टाइल्सचं भित्तिचित्र उभं केलं, तेही सहाय्यकांच्या मदतीनं. मदत घेतली म्हणून ते भित्तिचित्र दुसऱ्या कुणाचं झालं नाही. वर्गातही हाच न्याय लावा.

शेवटची पाच मिनिटं सगळ्यात धोक्याची. घंटा होत आलेली असते, चित्र ‘अपुरं’ दिसतं आणि शिक्षकाचा हात आपोआप ब्रशकडे जातो. आभाळ रंगवायचं राहिलं असेल तर राहू द्या. मुलानं ‘पुरे’ म्हटलं की चित्र पुरं.

पायरी सातवी: नोंद, परीक्षा, भिंत

वर्णनात्मक नोंदीत ‘प्रयत्न करतो’, ‘आनंदाने सहभागी होतो’ असं लिहून काहीच कळत नाही. अशी लिहा: ‘तीन पोतांतून तरट निवडलं, पाठीला तरट आणि पोटाला साल का लावली ते खुणेनं सांगितलं, रंग घट्ट असताना रेघ सलग येते.’ पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला शेवटचं वाक्य सोन्यासारखं उपयोगी पडेल. श्रेणी देताना साम्य मोजू नका. निवड केली का, ती बदलून पाहिली का, साहित्यावर पकड वाढली का, एवढं बघा. हे निकष सगळ्या चाळीस मुलांना लावा, चौघांपुरते वेगळे नकोत.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसायची इच्छा असलेल्या दिव्यांग मुलाला ‘तुला जमणार नाही’ असं शाळेतच सांगितलं जातं. बसू द्या. जास्त वेळ, टेबलाची उंची, मोठा केलेला नमुना, जाड साधनं, जे लागेल त्याची मागणी अर्ज भरतानाच मुख्याध्यापकांच्या सहीनं लेखी करा आणि पोच घ्या. परीक्षेच्या सकाळी केंद्रावर तोंडी मागून काही मिळत नाही. परीक्षेत वापरायची मूठ आणि तिरका पाट वर्षभर वापरात असू द्या.

स्नेहसंमेलनात प्रदर्शन लावाल तेव्हा चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १२० सें.मी.वर ठेवा, चाकाच्या खुर्चीतून आणि पहिलीतल्या मुलालाही दिसतो. मातीकाम टेबलाच्या कडेजवळ मांडा आणि ‘हात लावून बघा’ अशी पाटी ठेवा; एक-दोन शिंगं मोडतील, जास्तीचा चिखल जवळ असू द्या. चिठ्ठीवर अक्षर मोठं, काळ्या शाईत, आणि मजकूर सगळ्यांना सारखा: नाव, इयत्ता, साहित्य. अपंगत्वाचा प्रकार चिठ्ठीवर लिहायचा नाही. ‘दोन्ही हात नसतानाही’ छापाची ओळ पाहुण्यांना गहिवर आणते आणि चित्र कुणी बघतच नाही. अपंगांना इतरांच्या स्फूर्तीसाठी वापरण्याच्या या सवयीवर ऑस्ट्रेलियातल्या कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी सडकून टीका केली होती. वर्तमानपत्राला फोटो द्यायचा असेल तर आधी मुलाला विचारा, मग पालकांची लेखी संमती घ्या. मूल नको म्हणालं तर बैलाचा फोटो द्या.